कोब्याची नाव

हिवरदऱ्याच्या धुरपताबाईला बाजारात कुणी विचारलं, "बाई, तुमची सून काय काम करती?" की तिची पंचाईत व्हायची. सून मास्तरीण असती तर सांगून मोकळं होता आलं असतं. नर्स असती तरी भागलं असतं. पण सविताचं काम होतं लोखंड तपासायचं. परभणीत राहून ती साखर कारखान्यांच्या बॉयलरचे पाइप तपासायची, कुठं तेलाच्या टाक्या, कुठं पुलाचे गर्डर. मोबाइलएवढं एक यंत्र, त्याला वायर, वायरीच्या टोकाला अंगठ्याएवढी घुंडी. ती घुंडी लोखंडाला टेकवायची आणि झिजून झिजून लोखंड किती जाड उरलंय ते यंत्रावर वाचायचं. आता हे भाजीच्या ढिगासमोर उभं राहून कुणाला आणि कसं समजावून सांगणार? "लोखंडाची डॉक्टरीण हाय," असं म्हणून धुरपताबाई वांगी निवडायला लागायची.

स्वतःच्या नावेबद्दल मात्र तिला कुणी विचारायची गरज नव्हती. ती आपणहून सांगायची, आणि एकदा सुरू झाली की ऐकणाऱ्याची एसटी चुकायची.

येलदरी धरणाच्या फुगवट्यानं हिवरदऱ्याला तीन बाजूंनी वेढलंय. समोरच्या काठावर महादेवाचं देऊळ दिसतं, वारा पडलेला असला तर तिथली घंटासुद्धा ऐकू येते, पण रस्त्यानं जायचं म्हटलं तर अर्धा दिवस मोडतो. म्हणून नाव. धुरपताबाईच्या नवऱ्यानं, बन्सीधरनं, ही लोखंडी नाव मानवतला हौसेनं बांधून घेतली होती. तो गेला तेव्हा भावकी म्हणाली, बाईमाणसाचं काम न्हाई, विकून टाका. धुरपताबाईनं भावकीला चहा पाजला आणि दुसऱ्या दिवशी सुकाणू हातात धरलं. तेव्हापासून तिच्या नावेतून माणसं, शेळ्या, खताची पोती, वऱ्हाडं, सगळं पलीकडं गेलं आणि सुखरूप परत आलं. एकाची चप्पलसुद्धा पाण्यात पडली न्हाई, असं ती म्हणायची. चपलेचं तेवढं खोटं होतं, बाकी खरं.

आणि त्या नावेत कोबा होता. हो, कोबाच. आपण घराच्या ओसरीत घालतो तसा, तांबड्या रंगाचा, घोटून घोटून गुळगुळीत केलेला. आधी नावेच्या तळात नेहमी थोडं पाणी साचलेलं असायचं, बायकांची लुगडी भिजायची, म्हाताऱ्यांचे पाय घसरायचे. धुरपताबाईनं सरळ गवंडी बोलावला आणि नावेच्या तळावर कोबा घालून घेतला. रोज सकाळी पहिल्या फेरीआधी ती बादलीभर पाणी ओतून तो कोबा धुवायची, फडक्यानं पुसायची आणि पुढच्या टोकाला, नाळेजवळ, चार ठिपक्यांची रांगोळी काढायची. पलीकडच्या गावच्या बाया खास ती नाव बघायला यायच्या. "सबंध जिल्ह्यात नावेत कोबा कुणाकडं हाय, दाखवा मला!" असं धुरपताबाई विचारायची, आणि दाखवणार कोण? कुणाकडंच नव्हता.

त्या वर्षी हिवाळ्यात कुठल्याशा दुसऱ्या नदीवर एक नाव बुडाली. टीव्हीवर ती बातमी इतक्यांदा दाखवली, की हिवरदऱ्याच्या बाया पाण्याकडं बघताना पदर आवळून धरायला लागल्या. शिवरात्र तोंडावर आली होती. शिवरात्रीला सगळं गाव समोरच्या देवळात जातं, तेही नावेतून. जत्रेची व्यवस्था बघायचे शिवरुद्र अप्पा. गळ्यात लिंग, कपाळाला भस्माचे पट्टे, गावात किराणा दुकान, आणि बोलणं तोलूनमापून. त्यांनी पारावर सांगून टाकलं, "यंदा नाव तपासल्याबिगर एक माणूस बसवायचा न्हाई. आणि तपासणारा जाणकार पाहिजे. वरचा रंग बघून मान डोलावणारे लय हायेत."

हे ऐकून परमेश्वरच्या चेहऱ्यावर उजेड पडला. परमेश्वर म्हणजे धुरपताबाईचा भावकीतला पुतण्या. त्याचीही लोखंडी नाव होती, पण लहान. शिवरात्रीला तिच्याकडं कुणी ढुंकून बघायचं नाही. काकूची नाव जुनी आहे, तपासायला जाणकार माणूस आणायला तिला जमणार नाही, मग माणसं आपल्याच नावेकडं वळतील, असा त्याचा हिशोब.

धुरपताबाईनं पारावरच मांडीवर थाप मारली. "जाणकार? आवं, जाणकार माझ्या घरात हाय! माझी सून काय करती मग? मोठमोठ्या कारखान्याचं लोखंड तपासती ती. माझी नाव काय तिच्यापुढं!"

गरज पडली की सून हुशार होते. हे काही हिवरदऱ्यातच होतं असं नाही. पण त्या दिवसापासून धुरपताबाईनं घरोघर जाऊन सांगायला सुरुवात केली, "माझी सून येणार हाय. यंत्र घेऊन. सगळ्यांच्या म्होरं तपासणार. लपवायचं काही कामच न्हाई आपल्याला."

सविताला फोन केला तेव्हा ती म्हणाली, "आत्या, येते मी. पण एक आधीच सांगते. यंत्र जे दाखवील तेच मी बोलणार. घरची नाव म्हणून कमीजास्त व्हायचं न्हाई."

"अगं, तपास की! माझ्या नावेला काय धाड भरलीय?" धुरपताबाई हसून म्हणाली.

शिवरात्रीच्या आदल्या दिवशी नाव ट्रॅक्टरनं काठावर ओढून घेतली आणि ओंडक्यांवर चढवली. सकाळपासून निम्मं गाव गोळा झालेलं. धुरपताबाईनं मोठ्या पातेल्यात चहा चढवला होता, जणू घरात साखरपुडाच आहे. गोपाळच्या मोटारसायकलवरून सविता उतरली. गोपाळ म्हणजे धुरपताबाईचा मुलगा, परभणीच्या मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, कामाला. सवितानं आत्याच्या पाया पडून घेतलं, पंजाबी ड्रेसवर जाड जर्किन चढवलं, डोक्यावर पिवळं हेल्मेट ठेवलं आणि पिशवीतून पॉलिश पेपर काढला.

"हे काय करायलीस?" पहिल्याच घासण्याला धुरपताबाई ओरडली. "दिवाळीचाच रंग हाय तो!"

"रंगाची जाडी नको, आत्या, पत्र्याची पाहिजे. दर दिवाळीला तुमी एक थर चढवलाय. वरून मोजलं तर नाव हाय त्यापेक्षा तगडी दिसंल."

मग तिनं घासलेल्या जागेवर ट्यूबमधून चिकट, पारदर्शक जेल लावलं. तेव्हा शेजारची चतुराबाई पुढं झाली. बोलायला तिला निमित्तच लागत नाही. "अगं बाई, हे तर सोनोग्राफीसारखंच की! धुरपते, दिवस गेलेत की काय तुझ्या नावंला?"

सगळ्या बाया फिसकन हसल्या. सवितालाही हसू आवरेना. "मावशी, तुमी बरोबर वळखलं. सोनोग्राफीच हाय ही. आडात तोंड घालून हाक मारली तर खाली आपटून आवाज परत येतो का न्हाई? आड खोल असला तर उशिरा येतो, उथळ असला तर लगेच. तसाच आवाज ही घुंडी पत्र्यात पाठवती. आपल्याला तो ऐकू येत न्हाई, एवढंच. पत्र्याच्या आतल्या कडेला आपटून तो कधी माघारी आला ते यंत्र मोजतं, आणि जाडी सांगतं. पत्रा कापायची गरज न्हाई, भोक पाडायची न्हाई."

"आणि यंत्रच खोटं बोललं तर?" परमेश्वरनं मागून पिलू सोडलं.

सवितानं खिशातून पायऱ्यापायऱ्यांचा एक पोलादी ठोकळा काढला. प्रत्येक पायरीवर तिची जाडी कोरलेली होती. घुंडी पायरीवर टेकवली की यंत्र तोच आकडा दाखवायचं. तेवढ्यानं परमेश्वरचं समाधान होईना, म्हणून तिनं नावेच्या वरच्या काठाची उघडी कड कॅलिपरमध्ये धरून मोजली, मग तिथंच यंत्र लावलं. दोन्हीकडं चार पूर्णांक आठ. "नाव बांधली तेव्हा पत्रा पाच मिलिमीटरचा होता," गोपाळ म्हणाला. इतक्या वर्षांत जेमतेम एवढं झिजलं होतं. धुरपताबाईनं परमेश्वरकडं असं बघितलं, की तो बिचारा चहाच्या कपात डोकावायला लागला.

सविता एकेक जागा घासत, जेल लावत पुढं सरकत होती आणि मोजलेला आकडा खडूनं तिथंच नावेवर लिहीत होती. डाव्या बाजूला चार सात. चार आठ. चार सहा. उजव्या बाजूलाही तेच. धुरपताबाई तिच्या मागोमाग, हातात चहाची किटली. प्रत्येक आकड्याला ती लोकांकडं वळून बघायची. "बघा, बघा! बन्सीधरनं बांधलेली नाव हाय ही. ऐऱ्यागैऱ्याची न्हाई!" छाती नुसती भरून आली होती तिची. आणि खरं सांगायचं तर नावेपेक्षाही तिला जास्त बरं वाटत होतं ते सुनेकडं बघून. सगळं गाव गप्प बसून सविताचं ऐकत होतं, शिवरुद्र अप्पा मान हलवत होते. लोखंडाची डॉक्टरीण! आता बाजारात वांग्यांकडं वळायचं काही कारण नव्हतं.

मग सविता पोतं अंथरून नावेखाली शिरली.

बराच वेळ खालून नुसता घासण्याचा आवाज येत राहिला. आकडा काही ऐकू येईना. गोपाळ वाकून बघत होता, त्याचा चेहरा हळूहळू उतरला. धुरपताबाईनं किटली खाली ठेवली आणि स्वतः गुडघ्यावर बसली. खाली खडूनं लिहिलेलं दिसत होतं, तीन दोन. त्याच्या पुढं दोन आठ. सविता एका जागी थांबली होती. तिनं ती जागा परत घासली, परत जेल लावलं, ठोकळा काढून यंत्र परत ताडून घेतलं आणि परत मोजलं. मग तिथं एक गोल काढला आणि आत लिहिलं, एक सहा.

ती बाहेर आली तेव्हा तिच्या केसांत रंगाचा चुरा अडकलेला होता. ती सरळ धुरपताबाईसमोर उभी राहिली. "आत्या, बाजू चांगल्या हायेत. तळ गेलाय. कोब्याच्या खालचा पत्रा आतून खाल्लाय. ह्या नावेत उद्या माणसं बसवता यायची न्हाईत."

चतुराबाईसुद्धा गप्प झाली, यावरून काय ते समजा.

"काहीतरीच!" धुरपताबाई म्हणाली. "वर कोबा हाय चांगला टणक. कसा खाईल? तुझं यंत्र पागल झालंय."

"यंत्र ठीक हाय. तुमच्यासमोरच ताडून बघितलंय."

शिवरुद्र अप्पा पुढं आले. माणूस चांगला, पण उद्याची जत्रा डोळ्यांसमोर दिसत होती. ते हळू आवाजात म्हणाले, "सूनबाई, एका दिवसाचाच सवाल हाय. आजवर गळली न्हाई, उद्या कशी गळंल? उद्या नेऊन आणू सगळ्यांना, आणि परवापासून दुरुस्ती करू. म्हाताऱ्या माणसांनी वर्षभर वाट बघितलीय."

"अप्पा, उद्याच तर लय माणसं बसणार," सविता म्हणाली. ती मागं सरली नाही. "रोजच्या फेरीला दहा-बारा. उद्या तुमी साठ बसवणार. नाव हापटली एखाद्या दगडावर, तर तो पत्रा थांबायचा न्हाई. मी व्हय म्हणणार न्हाई. तुमी मला कितीबी सांगा."

धुरपताबाईच्या कानशिलात रक्त चढलं. ज्या सुनेच्या नावानं तिनं आठवडाभर गाव पिंजून काढलं होतं, त्याच सुनेनं सगळ्यांदेखत तिची नाव खाली पाडली होती. पाठीमागं कुणीतरी कुजबुजलं. चहाची किटली तिथंच वाळूत थंड होत पडली होती. तिला वाटलं, आत्ताच्या आत्ता हिला हाताला धरून घरी न्यावं आणि दार लावून विचारावं, कामून केलंस असं? एवढं तर घरात सांगता आलं असतं की नाही?

परमेश्वरनं ती संधी साधली. तो अगदी मायेनं जवळ आला. "जाऊ द्या, काकू. शेवटी सून परक्याची लेक. तिला आपल्या इज्जतीचं काय पडलंय? पूर्णेच्या रेल्वे कॉलनीत वाढलेली पोरगी, नाव काय असती तिला काय ठाऊक."

आता परमेश्वरनं तोंड बंद ठेवलं असतं, तर कदाचित धुरपताबाई मुकाट्यानं घरी गेली असती. पण हे ऐकलं आणि तिचं टाळकं सटकलं. "कुणाची लेक?" ती वळून म्हणाली. "माझ्या घरात आली ती माझी. तिला बोलायचं असंल तर मी बोलीन. तू कोण रे टिकोजीराव?" आणि ट्रॅक्टरवाल्याची सब्बल, लोखंडी पहार, पडली होती ती तिनं उचलली. "सविते, कुठं हाय ते तुझं एक पूर्णांक सहा? वर येऊन दाखव मला."

"आत्या, कोबा फुटंल."

"मग फुटू दे. खोटा निघाला तर तुला जलमभर ऐकवीन."

दोघी नावेत चढल्या. सवितानं नाळेपासून हातानं अंदाज घेत एक जागा दाखवली. तांबड्या कोब्यावर तिथं कालच्या रांगोळीचा पांढरा डाग अजून होता. धुरपताबाईनं एकदा त्याच्याकडं बघितलं, पदर कमरेला खोचला आणि सब्बल उचलून हाणली. दुसऱ्या घावाला कोबा तडकला. तिसऱ्याला एक ढलपा सुटला आणि खालून काळं, कुजकं पाणी वर आलं. वासच असा सुटला, की काठावरच्या बायांनी नाकाला पदर लावला.

तिनं ढलपे बाजूला केले. खाली पत्रा नव्हताच, नुसत्या तांबड्या-काळ्या खपल्या होत्या. एक काढली की खाली दुसरी, ती काढली की तिसरी. पापुद्रे सुटावेत तशा त्या हातात सुटून येत होत्या. शेवटी कुठं लोखंड लागलं, तेही खड्ड्याखड्ड्यांचं. धुरपताबाईनं सब्बलीचं टोक त्यावर ठेवलं आणि जरा जोर दिला. टोक सरळ आरपार गेलं.

खालून गोपाळ ओरडला, "आई, खडूच्या गोलातच निघालं!"

तिनं सब्बल वर ओढली. भोकातून खालची वाळू दिसत होती आणि वाळूवर पडलेला उजेड. धुरपताबाई तिथंच खाली बसली. तिनं विचारलं, "कशानं झालं ग हे?"

सविता तिच्याजवळ टेकली. "पाणी मुरलं, आत्या. कोबा आणि पत्रा यांच्यामधी फट असती. त्यात पाणी गेलं की वाळत न्हाई. लोखंड खात बसतं."

"कुठलं पाणी?"

"असंच. धरणाचं, पावसाचं. नावेत पाणी येतंच की."

सवितानं मान दुसरीकडं वळवली होती. आणि धुरपताबाईला कळलं. धरणाचं पाणी कोब्यावर यायचं ते माणसांच्या पायांना लागून, लगेच वाळून जाण्याएवढंच. पावसाळ्यात नावेवर ताडपत्री असायची. पाणी होतं ते रोज सकाळचं, बादलीभर, तिच्याच हातचं. कोबा धुऊन तिनं जे फडक्यानं पुसलं तेवढं वाळलं, उरलेलं सगळं कडेच्या फटीतून खाली जाऊन बसलं. नाव लखलखीत ठेवता ठेवता तिनंच ती आतून पोखरली होती. आणि तिच्या सुनेला हे मघापासून, अगदी नावेखालून बाहेर आल्यापासून माहीत होतं. पत्र्याबद्दल ती पोरगी साऱ्या गावासमोर एक शब्द खोटं बोलली नाही, आणि सासूबद्दलचं खरं काही केल्या ओठांवर येऊ देत नव्हती.

धुरपताबाई उठली. नावेच्या काठाला धरून उभी राहिली आणि खाली जमलेल्या लोकांना मोठ्यानं म्हणाली, "ऐका सगळे! ही नाव माझ्यामुळं गेलीय. रोज सकाळी कोबा धुतला ते पाणी खाली मुरलं. माझी सून मला झाकायलीय, पण मी झाकणार न्हाई. उद्या तुमी ह्या नावेत बसणार होता. ह्याच भोकावर अप्पांची महानंदा बसली असती, तिच्या मांडीवर लेकरू असतं. ये महानंदा, बघ इथं येऊन!"

अप्पांची सून महानंदा लेकराला कडेवर घेऊन खरंच वर चढली. भोकाकडं बघून तिनं लेकराला असं घट्ट धरलं, की ते रडायला लागलं. शिवरुद्र अप्पांनी पागोटं काढून हातात घेतलं आणि ते सविताकडं आले. "सूनबाई, मघा मी जे बोललो ते बोलायला नको होतं," एवढंच त्यांना म्हणता आलं.

दुपारी जेवणं झाल्यावर परमेश्वर घराच्या दारात येऊन उभा राहिला. आत यावं की नाही ते त्याला समजेना. मग चुळबुळत म्हणाला, "वहिनी, माझी नाव बी तेवढी... म्हणजे सवड असंल तर." सवितानं धुरपताबाईकडं बघितलं. धुरपताबाई पाट्यावर मिरच्या वाटत होती, वर न बघता म्हणाली, "जा की. आजाऱ्याला न्हाई कसं म्हणणार, डॉक्टरीण हायेस ना?"

सवितानं परमेश्वरची नाव नाळेपासून मागच्या टोकापर्यंत तपासली. तिच्यात कोबा नव्हता, तळात नुसती गळक्या डिझेलची चिकट घाण होती, आणि त्या घाणीनंच पत्रा राखला होता. सगळीकडं साडेचारच्या वर. "चांगली हाय," सविता म्हणाली. "पण लहान हाय. एका फेरीत पंधराच्या वर माणूस बसवायचं न्हाई." परमेश्वर त्यावर इतका जोरात मान हलवत राहिला, की गोपाळला हसू आलं.

शिवरात्रीला सकाळी सारं गाव नटूनथटून काठावर आलं. हातात बेलाची पानं, दुधाचे तांबे, उपासाची भगर बांधलेले डबे. परमेश्वरची नाव पाण्यात डुलत होती, इंजिन चालू होतं, अप्पा पंधरा माणसं मोजायला उभे होते. आणि मोजायला एकही माणूस पुढं येईना. काल सगळ्यांनी ते भोक डोळ्यांनी बघितलं होतं. आता कुठल्याच नावेवर कुणाचा जीव बसेना. म्हाताऱ्या एकमेकींना कोपरानं ढोसत होत्या, तू हो पुढं, तू हो. चतुराबाई म्हणाली, "मी बाई हितूनच हात जोडते." महानंदानं तर लेकराला घेऊन दहा पावलं मागं जाऊन पाय रोवले होते. "एवढं तपासलंय, वहिनी सोताच म्हणाल्यात चांगली हाय," असं परमेश्वर पुनःपुन्हा सांगत होता आणि कुणी ऐकत नव्हतं.

सविता एका बाजूला उभी होती. तिचं तोंड एवढंसं झालं होतं. काल नाही म्हटलं ते लोकांना पटलं, आज हो म्हटलेलं कुणाला पटत नव्हतं. आकड्यांवर विश्वास ठेवा, असं ती तरी किती वेळा सांगणार?

गर्दीतून धुरपताबाई पुढं आली. अंगावर नवं कोरं लुगडं, हातात पूजेचं ताट. बन्सीधरच्या माघारी सुकाणू धरल्यापासून तिनं दुसऱ्याच्या नावेत पाय ठेवला नव्हता, आणि परमेश्वरच्या तर नावेकडं बघून ती तोंड फिरवायची. ती सरळ चालत पाण्यापर्यंत गेली. परमेश्वरनं हात पुढं केला. तिनं त्याच्याकडं बघितलं, मग काठावरच्या लोकांकडं वळली.

"कशाला भ्यायलात?" ती म्हणाली, आणि तिचा आवाज थेट समोरच्या देवळापर्यंत जावा असा खणखणीत होता. "काल माझ्या सुनेनं माझी नाव नापास केली. माझी! सासूची! घरच्या नावेला जी पोरगी पास करत न्हाई, ती ह्या परमेश्वरच्या नावेला फुकट पास करंल व्हय?"

कुणीतरी हसलं. मग सगळेच हसले, परमेश्वरसुद्धा. धुरपताबाईनं त्याचा हात धरला, नावेत चढली आणि ताट मांडीवर घेऊन बरोबर मधोमध, तळावर फतकल मारून बसली. "ये सविते," तिनं हाक मारली, "माझ्या शेजारी बस. बाकीच्यांना यायचं असंल तर येतील."

सविता डोळे पुसत चढली. तिच्या पाठोपाठ लेकराला छातीशी धरून महानंदा आली आणि अप्पांनी मोजायला सुरुवात केली.